आजोबांची ॲम्बेसेडर चालवायला घेताय? सेल्फ मारायच्या आधी हे ऐका

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

गेल्या दोन-तीन महिन्यांत एकाच विषयावरच्या व्हॉइस नोट्स साचल्यात. मुलुंडची एक श्रोती विचारते, आजोबांची ॲम्बेसेडर बिल्डिंगखाली सात वर्षं उभी आहे. सोसायटी म्हणते हलवा, बाबा म्हणतात भंगारात द्या, आणि मला ती चालवायची आहे. घाटकोपरच्या एकाला मामाकडून स्टँडर्ड हेराल्ड मिळतेय, फुकट. अंधेरीच्या एका मित्राने मॉरिस मायनरचा फोटो पाठवलाय, खाली फक्त एवढंच, “घेऊ का?”

आज या तिघांसाठी बोलतो. एक गोष्ट आधीच सांगतो, हा भाग गाडी चकचकीत कशी करायची याबद्दल नाही. गाडीने तुम्हाला दगा देऊ नये आणि तुम्ही गाडीला मारून टाकू नये, एवढाच विषय आहे.

आधी ब्रिटिश म्हणजे काय ते बघू, कारण मला पद्मिनीचेही फोटो येतात. पद्मिनी इटालियन. मूळची फियाट, आपल्या कुर्ल्यात बनायची. ॲम्बेसेडर मात्र ब्रिटिश वंशाची. इंग्लंडमध्ये १९५६ मध्ये मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री आली, तिचंच रूप इथे हिंदुस्तान मोटर्सने १९५७ पासून कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनवायला घेतलं, आणि ते थेट २०१४ पर्यंत चाललं. मॉरिस मायनर इथे ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने आली होती. हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ हेराल्ड, ती १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटरने बनवली. तिची पुढची आवृत्ती गॅझेल, १९७२ ची.

हे जनरल नॉलेज म्हणून सांगत नाही. मुंबईत काळी-पिवळी म्हणजे फियाट होती, ॲम्बेसेडरचं राज्य कोलकात्यात. त्यामुळे आपल्या उपनगरातल्या जुन्या मिस्त्रींचा हात फियाटवर बसलेला आहे. “अरे पुरानी गाडी सब एक जैसी” असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि दुसरा मिस्त्री शोधा. सगळ्या सारख्या नसतात. का ते पुढे हेराल्डपाशी कळेल.

घ्यायची की नाही

हा निर्णय इंजिनवर घेऊ नका. पत्र्यावर घ्या.

इंजिन कितीही खराब असलं तरी ते उघडता येतं, बोअर करता येतं. ॲम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसीचं बी-सीरिज. साधं, जाड, माफ करणारं इंजिन. पण ॲम्बेसेडरला वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. दाराखालची जी लांब पट्टी असते, गाडीत चढताना आपण जिच्यावरून पाय टाकतो, ती सजावट नाही, ती गाडीचा कणा आहे. ती आतून गंजली असेल तर बाहेरून पुट्टी भरून रंग मारलेली गाडी फोटोत झकास दिसते आणि जॅक लावला की जॅक आत घुसतो.

म्हणून बघायला जाताना खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवा. पातळ रुमालात गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही. दाराखाली, चाकांच्या कमानीवर, डिकीच्या तळाला, बॅटरीखालच्या पत्र्यावर लावा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग गाडीतलं मॅटिंग उचला. विकणारा “राहू द्या ना” म्हणाला तर नक्की उचला. फोनचा टॉर्च लावून खालून व्हिडिओ काढा आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर शांतपणे बघा. उभ्या उभ्या, मालक शेजारी गप्पा मारत असताना, काही दिसत नाही.

हेराल्डचं उलटं आहे. तिला वेगळी चेसिस आहे, बॉडी नटबोल्टनी वर बसवलेली. अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उघडतं, इंजिनाशेजारी टायरवर बसून काम करता येतं. बाहेरचा पत्रा गेला तर दुसरा लावता येतो. पण चेसिसच्या बाजूला निघालेले हात, ज्यांवर बॉडी टेकते, ते गंजले असतील तर विषय संपला असं नाही, पण खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो.

वर्सोवा, मढ, गोराई या पट्ट्यात आयुष्य काढलेली गाडी असेल तर आणखी संशयाने बघा. खारा वारा आहे. शिवाय ही गाडी कधी पाण्यात होती का, तेही विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावर उभ्या असलेल्या किती गाड्या बुडाल्या याला गणती नाही. सीटच्या स्प्रिंगांना आणि दारांच्या आतल्या भागाला एका सरळ रेषेत गंज दिसला, तर पाणी तिथपर्यंत आलं होतं.

इंजिन थंड असताना जा. आधी फोन करून सांगा, “मी येईपर्यंत सुरू करू नका.” बॉनेटला हात लावून बघा, कोमट असेल तर काहीतरी लपवलंय. सुरू झाल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि गरम झाल्यावरही थांबत नाही असा पांढरा धूर म्हणजे पाणी सिलेंडरात जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. लोण्यासारखं पांढरट काही चिकटलेलं असेल तर हेड पॅकिंग गेलंय असं धरून चाला. गाडीखाली ऑइलचे दोन-चार थेंब दिसले तर मात्र घाबरू नका. या इंजिनांना मागच्या बाजूला आजच्यासारखं सील नसायचं, थोडं गळणारच. ऑइल अजिबातच गळत नसेल तर ते आत आहे का बघा.

कागद

इथे लोक सर्वात जास्त अडकतात. मुलुंडच्या मैत्रिणीसाठी मुद्दाम हळूहळू सांगतो.

गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा आता नाहीत. अशा वेळी नेहमीच्या विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० लागत नाहीत, वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, आणि घरात दोन-तीन वारस असतील तर सगळ्यांच्या सह्या. काका परदेशात असतील तर त्यांची सही आधी मागवा. गाडीला दहा रुपयेही लावू नका तोवर. नाव नसलेल्या गाडीवर लाखभर घातल्यावर नात्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरी अडचण म्हणजे गाडीचा नंबर एमएचच्या आधीचा असेल, तर ती ऑनलाइन वाहन प्रणालीत सापडणारच नाही अशी शक्यता मोठी. अशा वेळी मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. मुंबईत आज चार आरटीओ आहेत, ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली. पण तुमच्या आजोबांनी १९६८ मध्ये गाडी घेतली तेव्हा हे चार नव्हते, त्यामुळे रेकॉर्ड कुठे आहे हे शोधणं हेच अर्धं काम. मूळ आरसी पुस्तक, ते जुनं शिवलेलं, कितीही फाटलेलं असलं तरी टाकू नका. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदावर पेन्सिलने घासून उतरवून घ्या आणि पुस्तकाशी ताडून बघा. मधल्या काळात कुणी डिझेल इंजिन बसवलं असेल आणि पुस्तकात पेट्रोल असेल, तर पुढे सगळं अडतं.

“पंधरा वर्षांवरची गाडी जप्त होते ना?” हा प्रश्न दर आठवड्याला येतो. दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल ही वयाची अट ज्याबद्दल तुम्ही ऐकता, ती दिल्ली आणि आसपासच्या भागाची. मुंबईत खासगी गाडी पंधरा वर्षांनी फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवता येते. सोबत पर्यावरण कर, पीयूसी आणि निदान थर्ड पार्टी विमा. नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क मात्र वाढत चाललंय. २०२२ मध्ये ते ६०० वरून ५,००० झालं, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० केलं. जाण्याआधी परिवहनच्या साइटवर आजचा आकडा बघा.

आणि आता ‘व्हिंटेज’. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. राज्याची समिती गाडी बघते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. नव्याने नोंदवलेल्या गाडीला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ॲम्बेसेडर मार्क टू १९७५ पर्यंत निघाली, म्हणजे त्या जवळपास सगळ्याच आता पन्नाशीच्या पुढे. हेराल्डही बसते.

ऐकायला छान वाटतं. पण अट नीट ऐका, व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्याचसाठी. ज्याला रविवारी सकाळी आईला घेऊन संजय गांधी उद्यानात जायचंय, त्याने साधी नोंदणी जिवंत ठेवावी असं माझं मत आहे. जिची गाडी मुळात कुठेच नोंदलेली नाही किंवा जिला फक्त रॅलीत उतरायचंय, तिने व्हीए घ्यावा. घाईत ठरवू नका.

आणि हो, हे सगळं चालू असताना गाडी रस्त्यावर उभी ठेवू नका. धूळ बसलेली, टायर बसलेली गाडी दिसली की महापालिका बेवारस म्हणून नोटीस चिकटवते आणि मुदतीत हलवली नाही तर उचलून नेते. नोटीस पावसात भिजून पडली, हे कारण चालत नाही.

सात वर्षं झोपलेली गाडी उठवताना

नवीन बॅटरी आणायची, दोन लिटर पेट्रोल ओतायचं, सेल्फ मारायचा. शंभरातले नव्वद लोक हेच करतात, आणि इथेच चांगली इंजिनं मरतात. सिलेंडरच्या आत सात वर्षांत हलका गंज धरलेला असतो, रिंगा चिकटलेल्या असतात. सेल्फच्या जोराने त्या तुटतात.

त्याऐवजी चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवा. मग हँडल असेल तर हँडलने, नसेल तर गाडी टॉपच्या गिअरला टाकून हळूहळू ढकलून, इंजिन हाताने फिरवा. फिरत नसेल तर जोर लावू नका, अजून ऑइल, अजून चार दिवस. मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढून नवीन २०डब्ल्यू-५० भरा. ही जुनी इंजिनं जाड ऑइलची आहेत, तुमच्या नव्या गाडीचं पातळ सिंथेटिक ऑइल यात घालू नका. मग प्लग बाहेर असतानाच सेल्फ मारून ऑइलचा दाब येतोय का बघा. त्यानंतर प्लग लावा.

पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करा. जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं. टाकी काढून धुवायची, कार्बोरेटर उघडून साफ करायचा.

आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. सगळे. इथे जरा थांबतो, कारण ही या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

आज पंपावर मिळणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं, ई२०. साठ-सत्तरच्या दशकातलं रबर, पंपाचा पडदा, कॉर्क, हे कुठलंच इथेनॉलसाठी बनलेलं नव्हतं. ते मऊ पडतं, फुगतं, मग चिरतं. आणि बी-सीरिज इंजिनात कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला, एकमेकांच्या वरखाली. म्हणजे कार्बोरेटरपाशी पाइप फुटला तर पेट्रोल कुठे पडतं? तापलेल्या मॅनिफोल्डवर. जुन्या गाड्या रस्त्याच्या कडेला पेटलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. बऱ्याचदा त्यामागे पन्नास-शंभर रुपयांचा पाइप असतो.

तर इथेनॉल सहन करणारा पाइप घ्या, त्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं, दुकानात वाचून बघा. पंपाचं किट नवीन घाला. क्लॅम्प घट्ट. पहिले दोन महिने प्रत्येक वेळी सुरू केल्यावर बॉनेट उघडून हाताने पाइप चाचपा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर निघायचं नाही. ड्रायव्हरच्या हाताशी आग विझवायचा छोटा सिलेंडर, डिकीत नाही, हाताशी. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे टाकीत पेट्रोल भरून तीन-तीन महिने गाडी उभी ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी खरी चालवा, जागच्या जागी घुरघुर करून उपयोग नाही.

शिसं असलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० मध्ये बंद झालं. जुन्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठकी त्या शिशाच्या भरवशावर होत्या. आता त्या हळूहळू झिजतात. घाई नाही, पण हेड कधी उघडलंच तर कडक सीट बसवून घ्या, आणि तोवर टॅपेटचं अंतर दर काही हजार किलोमीटरला तपासत राहा. ते कमी कमी होत असेल तर बैठक झिजतेय.

ब्रेक

त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकची एकच लाइन. आजच्या गाडीत दोन असतात, एक फुटली तर दुसरी थांबवते. तुमच्या ॲम्बेसेडरमध्ये एक पाइप फुटला की पेडल जमिनीला टेकतं आणि चारही चाकं मोकळी. घोडबंदरच्या उतारावर हे व्हायला नको असेल तर इंजिन सुरू करायच्या आधी ब्रेक करा. क्रम हाच. लोक उलट करतात, कारण इंजिनचा आवाज ऐकण्यात मजा आहे.

उभ्या गाडीत पेडल दाबून पूर्ण एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलेंडर गेला. झोपलेल्या गाडीत मी तपासत बसत नाही, मास्टर सिलेंडर, चाकांतले सिलेंडर, रबरी पाइप, सगळं नवीन किट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं आणि मुंबईच्या हवेत ते लवकर पितं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. हँडब्रेक चालू ठेवा, तोच तुमचा दुसरा ब्रेक.

टायरची नक्षी बघू नका, जन्मतारीख बघा. बाजूला चार आकडे असतात, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. चार आकडेच नसतील तर तो टायर गेल्या शतकातला. नक्षी नवीकोरी असली तरी रबर लाकूड झालेलं असतं.

आता घाटकोपरच्या हेराल्डवाल्यासाठी. तुझ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी, खालच्या बाजूला, पितळी ट्रनिअन आहे. उभा लोखंडी दांडा आट्यांनी त्यात बसतो आणि स्टीअरिंग वळवलं की त्या आट्यांत फिरतो. या जागेला ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं, ईपी९०. आपल्याकडे निपल दिसलं की पोरगा ग्रीस गन लावतो. ग्रीस आत सुकतं, आटे कोरडे पडतात, पाणी शिरून दांडा गंजतो, आणि एक दिवस वळताना तो तुटून चाक आत दुमडतं. जगभरच्या हेराल्डवाल्यांना हे पाठ आहे, आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजला नाही. मिस्त्रीला सांगून ठेव, शक्य तर निपलशेजारी रंगाने ‘ऑइल’ असं लिहून ठेव. ॲम्बेसेडर आणि मायनरला मात्र ग्रीसच, आणि भरपूर, वेळच्या वेळी.

वीज आणि उष्णता

ब्रिटिश गाड्यांची वायरिंग लुकासची. इंग्लंडात लुकासला लोक अंधाराचा राजपुत्र म्हणायचे, इतके दिवे जायचे. चेष्टा बाजूला ठेवा, दहातले आठ बिघाड वायरचे नसतात, अर्थिंगचे असतात. वायर बॉडीला जिथे बसते तिथे गंज धरतो. घासून चकचकीत करा, थोडं व्हॅसलीन लावा. अर्धे दिवे परत येतील.

पण आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते बघा. जुन्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं, आजच्या उलट. अशा गाडीत मोबाइल चार्जर सरळ जोडलात तर चार्जर गेला, कदाचित फोनही. जंप स्टार्ट देणाऱ्या शेजाऱ्यालाही हे सांगावं लागतं.

डायनामो ही दुसरी गंमत. तो साधारण २०-२२ अँपिअर देतो, तेही गाडी पळताना. जागच्या जागी इंजिन घुरघुरत असताना जवळपास काहीच देत नाही. आता विचार करा, जुलैची संध्याकाळ, जेव्हीएलआरवर जाम, हेडलाइट चालू, वायपर चालू. तासाभरात बॅटरी बसते. आणि पंखा इंजिनालाच पट्ट्याने जोडलेला, म्हणजे इंजिन हळू तर पंखाही हळू, पुढून वारा नाही, पाणी उकळायला लागतं. या गाड्या थांबायला बनलेल्या नव्हत्या, हा त्यांचा मुख्य दोष, आणि आपल्या शहरात आपण थांबण्याशिवाय काही करत नाही.

शुद्धतावादी नाराज होतील, पण मी सांगेन, रोज चालवायची असेल तर अल्टरनेटर बसवा आणि रेडिएटरला विजेचा पंखा. जुने भाग जपून ठेवा, विकू नका. व्हिंटेज करायची ठरवलीत तर परत लावता येतील. पंखा लावायच्या आधी रेडिएटर आतून साफ करून घ्या, नाहीतर नुसता वारा घालून काय होणार. काटा वर जायला लागला तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं.

डेलको, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, पावसाळ्यात दमट होतो आणि गाडी रुसते. झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसलं की बहुतेकदा चालते. पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फिलर गेज स्वस्त मिळतो, हे काम स्वतः शिका. एक पॉइंट, एक कंडेन्सर, एक रोटर, फॅन बेल्ट, फ्यूज, दोन प्लग, एवढं डिकीत कायम हवं.

पाने, पार्ट आणि माणसं

तुमच्या घरातला १०-१२-१३चा पाना या गाडीला लावू नका. इथले नट इंचात आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३चा पाना “बसतो”, आणि मग घसरून नटाचे कोपरे गोल करतो. जुन्या गाडीत गोल झालेले नट दिसले की समजा, आधीचा मिस्त्री घाईत होता. इंची पान्यांचा एक सेट घ्या. पन्नासच्या दशकाच्या आधीची गाडी असेल तर आटेच वेगळे, व्हिटवर्थ, त्याचे पाने आणखी वेगळे.

पार्टसाठी ॲम्बेसेडरवाले सुखी आहेत. गाडी २०१४ पर्यंत बनत होती, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला धूळ झटकून बरंच काही निघतं, आणि तिथे नसेल ते कोलकात्याच्या मल्लिक बाजारात. मायनरचं आणखी मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये या गाडीवर लोकांचं इतकं प्रेम आहे की जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवीन बनतो. मागवता येतो, फक्त कस्टम ड्युटी धरून हिशोब करा. हेराल्डचे यांत्रिक भाग बाहेरून येतात, पण इथल्या चार दारांच्या हेराल्डचा पत्रा कुठेच मिळत नाही, कारण चार दारांची इंग्लंडमध्ये निघालीच नव्हती. मामाकडे जुनी दारं पडली असतील तर तीही घेऊन ये रे.

काहीही उघडण्याआधी फोटो. प्रत्येक वायर, प्रत्येक वायसर कुठल्या क्रमाने निघाला त्याचा व्हिडिओ. आपल्या पिढीला हा एक फायदा आहे जो आजोबांना नव्हता. आणि मिस्त्री सापडला की त्याच्याजवळ बसा, चहा मागवा, बघा. साठी ओलांडलेले उस्ताद आहेत अजून, आवाजावरून टॅपेट ओळखणारे. त्यांची परवानगी घेऊन ते काम करतानाचं रेकॉर्ड करा. त्यांची मुलं हे काम करत नाहीत.

पाऊस आला की कव्हर घालताना एवढंच, प्लास्टिकचं नको. आत वाफ धरते आणि गाडी झाकलेल्या अवस्थेत गंजते. श्वास घेणारं कापड, आणि ऊन पडलं की काढायचं. खिडकी बोटभर उघडी. दारांच्या तळाला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती मे महिन्यात तारेने मोकळी करा.

पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा रविवार, सकाळचे सहा, घरापासून दोन किलोमीटरचा गोल. एक्स्प्रेस हायवे नाही, सबवे नाही, पूल नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका, दात वाजतील. पुढच्या रिक्षापासून नेहमीच्या तिप्पट अंतर ठेवा. मधे कुणीतरी घुसणार, घुसू द्या. परत आल्यावर चारही चाकांना हात लावून बघा, एकच चाक जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय. खाली वाकून नवा थेंब कुठला ते बघा, पुठ्ठा अंथरून ठेवलात तर जागा लगेच कळते.

मुलुंडवालीने चाकांचे सिलेंडर उघडले की फोटो पाठव, मी बघून सांगतो. अंधेरीच्या मित्रा, तुझ्या फोटोत मायनरच्या दाराखालचा पत्रा दिसतच नाहीये. तो दाखव, मग बोलू. बाकीच्यांचे प्रश्न नेहमीच्या नंबरवर, व्हॉइस नोट एक मिनिटाच्या आत ठेवा, आणि इंजिनचा आवाज पाठवणार असाल तर पंखा बंद करून रेकॉर्ड करा.